रेझिनचा रणगाडा, रेझिनचा शिपाई: रंगापूर्वीचं काम

प्लॅस्टिकची मॉडेल्स जोडण्यात हात बसलेला माणूस पहिल्यांदा रेझिनच्या किटचा डबा उघडतो, तेव्हा थोडा बिचकतो. ओळीने नंबर घातलेल्या चौकटी आत नसतात. छोट्या पिशव्यांत फिकट पिवळे किंवा राखाडी तुकडे भरलेले असतात, जवळजवळ प्रत्येक तुकड्याला मागून रेझिनचाच जाड ठोकळा चिकटलेला असतो आणि माहितीपत्रक म्हणजे पुष्कळदा दोन-चार फोटो छापलेला एक कागद. किंमत मात्र त्याच आकाराच्या प्लॅस्टिक किटपेक्षा बरीच जास्त. आपल्याला अर्धवट माल मिळाला, असं अनेकांना वाटतं. पण रेझिनचं किट असंच येतं. कारखान्यात जे काम यंत्र करतं, त्यातलं बरंचसं इथे आपल्याला करायचं असतं. रणगाडे, लष्करी ट्रक, तोफा आणि सैनिक यांची मॉडेल्स रेझिनमध्ये करू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. त्यात रंगकामापेक्षा रंगापूर्वीच्या कामाला मुद्दाम जास्त जागा दिली आहे, कारण बिघडलेली बहुतेक रेझिन मॉडेल्स तिथेच बिघडलेली असतात.

आधी हे किट बनतं कसं ते समजून घ्या. पुढच्या निम्म्या अडचणींचा उलगडा त्यातच होतो. प्लॅस्टिकचं किट पोलादी साच्यात दाबाखाली वितळलेलं पॉलिस्टायरीन भरून बनवतात. असा साचा प्रचंड महाग असतो, पण त्यातून हजारो किटं निघतात. म्हणून मोठ्या कंपन्या खपाची खात्री असलेले विषय घेतात: शर्मन, टायगर, पँथर, पॅटन. रेझिनचं गणित उलटं आहे. एक कारागीर मूळ नमुना हाताने किंवा संगणकावर घडवतो, त्याभोवती सिलिकॉन रबर ओतून साचा करतो आणि त्या साच्यात दोन द्रव एकत्र करून पॉलियुरेथेन ओततो. काही मिनिटांत ते घट्ट होतं. साच्याचा खर्च कमी, पण त्याचं आयुष्यही कमी: काही डझन नग निघाले की रबर फाटू लागतं, कडा बोथट होतात. म्हणून जगात शंभर-दोनशे माणसांनाच हवा असलेला विषय रेझिनमध्येच मिळतो. बेल्जियमच्या फ्रांस्वा व्हर्लिंडन यांनी या पद्धतीला चिलखती वाहनांच्या छंदात मोठी बाजारपेठ मिळवून दिली. त्यांच्या नावाने निघालेले शिपाई, सामानाचे गठ्ठे आणि इंजिनाचे भाग एके काळी जगभर जात. आज हे काम युरोप, कोरिया, जपान, रशिया, युक्रेन अशा अनेक देशांतल्या दोन-चार माणसांच्या कार्यशाळा करतात.

या पद्धतीमुळे तीन गोष्टी अटळ असतात. रेझिन ओतताना ते साच्यात नीट पोहोचावं म्हणून ठेवलेल्या वाटेचा ठोकळा भागाला चिकटून येतो. हवा अडकली तर बुडबुड्याची छिद्रं राहतात. आणि पातळ भाग साच्यातून गरम असताना काढला तर वाकतो. हे दोष किती प्रमाणात आहेत, त्यावरून कार्यशाळेचा दर्जा कळतो. पण ते अजिबात नसतील अशी अपेक्षा धरू नये.

पहिलं किट कोणतं घ्यावं

माझं मत स्पष्ट आहे. पहिलं रेझिन किट म्हणून संपूर्ण रणगाडा घेऊ नये. एक शिपाई घ्यावा. पाच-सात भाग, एक डोकं, दोन हात, एक शस्त्र. ठोकळे कापणं, घासणं, चिकटवणं, भरणं या सगळ्या कामांची ओळख त्यात होते आणि चूक झाली तरी नुकसान थोडं होतं. त्यानंतर प्लॅस्टिकच्या रणगाड्यावर रेझिनचे काही भाग बसवावेत: ताडपत्रीच्या गुंडाळ्या, डबे, सुट्या चाकांची जोडी, नवं टरेट. दोन वेगळ्या पदार्थांची जुळणी इथे शिकायला मिळते. पूर्ण रेझिन वाहन त्यानंतर.

प्रमाणाचा विचार आधी करा. लष्करी वाहनांत १/३५ हे प्रमाण सगळ्यात रुळलेलं आहे. त्यामागे कोणताही गणिती नियम नाही. टामियाने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचं मोटारवर चालणारं मॉडेल काढलं. आत बॅटऱ्या आणि मोटर बसतील असा आकार ठरवला होता, आणि तो मोजला तेव्हा साधारण १/३५ निघाला. पुढे सगळ्यांनी तेच धरलं. सेंच्युरियनचा सांगाडा तोफ सोडून सुमारे ७.६ मीटर लांब आणि ३.३९ मीटर रुंद; १/३५ मध्ये तो २१७ मिलिमीटर लांब आणि ९७ मिलिमीटर रुंद होतो. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस ५० मिलिमीटर होतो. तोच माणूस १/७२ मध्ये २४ मिलिमीटर आणि १/१६ मध्ये ११० मिलिमीटरच्या आसपास. हा हिशेब पाठ असावा, कारण फिगर्स पुष्कळदा प्रमाणाऐवजी उंचीने विकल्या जातात. ५४ मिलिमीटरचा शिपाई म्हणजे जवळपास १/३२. तो १/३५च्या रणगाड्याशेजारी उभा केला की रणगाडाच लहान दिसू लागतो. चेहरा रंगवायला शिकायचं असेल तर मोठ्या प्रमाणातला अर्धपुतळा घ्या. तिथे डोळा, भुवई, ओठ स्वतंत्र रंगवता येतात.

बाजारात नकली किटंही येतात. कुणीतरी मूळ किट विकत घेतो, त्याच्यावरून साचा करतो आणि निम्म्या किमतीत विकतो. अशा नकलेत प्रत्येक भाग किंचित आकसलेला असतो, बटणं आणि रिवेट्स बोथट होतात, सांधे जुळत नाहीत. डब्यावर निर्मात्याचं नाव नाही, फोटो दुसऱ्याच्या मॉडेलचे आहेत आणि किंमत विश्वास बसू नये इतकी कमी आहे, अशी तिन्ही लक्षणं दिसली तर घेऊ नका. मूळ नमुना घडवणाऱ्याला त्यातून एक पैसाही मिळत नाही, आणि दोन माणसांची कार्यशाळा अशा चोरीने खरोखर बंद पडते. भारतात परदेशी किट मागवताना टपालखर्च आणि कस्टम ड्यूटी धरून हिशेब करा. दोघातिघांनी मिळून एक ऑर्डर दिली तर परवडतं.

डबा उघडल्यावर

कात्री लावण्याआधी सगळे भाग पांढऱ्या कागदावर मांडा, माहितीपत्रकाशी ताडून पाहा आणि मोबाइलने फोटो काढून ठेवा. रेझिनच्या भागांवर नंबर असलाच तर तो ठोकळ्यावर असतो. ठोकळा कापला की नंबर गेला. एखादा भाग नसेल किंवा मोडला असेल तर लगेच विक्रेत्याला कळवा. छोट्या कार्यशाळा बहुधा तो भाग पुन्हा पाठवतात, पण किट अर्धं कापून झाल्यावर तक्रार करणं बरोबर नाही.

मग धुणं. साच्यातून भाग सहज सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर भागांवर राहिलेला असतो. त्यावर रंग टिकत नाही. महिन्याभराने मास्किंग टेप ओढली की पापुद्रा निघून येतो. कोमट पाण्यात भांडी घासायचा लिक्विड साबण घालून भाग थोडा वेळ भिजवा आणि जुन्या मऊ टूथब्रशने घासा. पाणी कोमटच हवं. गरम पाण्यात संगिनी आणि अँटेना वाकतील. सिंकमध्ये धुऊ नका, गाळणीत धुवा. शिपायाचा पंजा मोरीत वाहून गेला तर तो परत मिळत नाही.

ठोकळा कापणं

हेच या छंदातलं खरं कसबाचं काम आहे, म्हणून थोडं सविस्तर.

हवी ती बारीक दात्यांची, पातळ पात्याची करवत. ती मॉडेलच्या साहित्यात मिळते. साध्या कटरने ठोकळा तोडायला जाऊ नये. रेझिन प्लॅस्टिकपेक्षा ठिसूळ आहे. दाबाने ते चिरत नाही, टवका उडतो, आणि तो नेमका हव्या असलेल्या बाजूचा उडतो. ठोकळा आणि भाग यांची सीमा आधी नीट ओळखा. पुष्कळदा तिथे बारीक खाच असते. नसेल तर जुळणाऱ्या भागाशी लावून पाहा आणि पेन्सिलने रेघ मारा. करवत त्या रेघेवर चालवायची नाही, रेघेच्या बाहेर एक मिलिमीटर ठेवून चालवायची. चारही बाजूंनी थोडं थोडं कापत आत या. एकाच बाजूने आरपार गेलात तर पातं तिरकं जातं आणि ते बाहेर निघेपर्यंत कळत नाही.

उरलेला एक मिलिमीटर घासून काढायचा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा वॉटर पेपर, २२० नंबरपासून ४०० आणि ६०० पर्यंत, जाड काचेच्या तुकड्यावर ओला करून पसरा. भाग त्यावर सपाट धरून इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा. सरळ पुढे-मागे घासलं की हाताच्या वजनाने एक कड जास्त झिजते. रणगाड्याच्या सांगाड्याखालचा ठोकळा काढताना हीच भीती असते. दर थोड्या वेळाने थांबा आणि व्हर्नियरने चारही कोपऱ्यांची उंची मोजा. अर्ध्या मिलिमीटरचा फरक आता डोळ्यांना दिसणार नाही. पण सहा-सहा चाकं बसवल्यावर एक चाक हवेत लटकेल. वाहन जोडून झाल्यावर ते दुरुस्त करता येत नाही, म्हणून मोजमाप इथेच.

चाकांचे ठोकळे एकेक करून कापावेत आणि सगळी चाकं काचेवर ओळीने उभी करून व्यास ताडावा. घासण्याच्या नादात एखादं चाक लहान होतं.

रेझिनच्या धुळीबद्दल गंभीरपणे सांगायला हवं. ही भुकटी अतिशय बारीक असते आणि फुप्फुसात गेलेली बाहेर येत नाही. कोरडं घासू नका. पाणी लावून घासलं तर धूळ उडतच नाही. करवतीने कापताना आणि ड्रिल मारताना एन-९५ मास्क लावा. नंतर टेबल झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. जेवणाच्या टेबलावर हे काम करू नये, आणि घरात रांगतं मूल असेल तर दार लावून करावं. मास्कचा कंटाळा करणारे अनुभवी लोकही मी पाहिले आहेत. याबाबतीत त्यांचं ऐकू नका.

वाकलेलं सरळ करणं, छिद्रं भरणं

तोफेची नळी, रायफल, मडगार्ड, सांगाड्याची पातळ बाजू हे भाग हमखास वाकलेले येतात. वाकलेला भाग हाताने सरळ करू गेलात तर तुटतो. पाणी उकळून खाली उतरवा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि भाग चिमट्यात धरून वीस-तीस सेकंद बुडवा. रेझिन लवचीक होतं. बाहेर काढून काचेवर टेकवा, हलक्या हाताने सरळ करा आणि तसंच धरून गार पाण्यात घाला. एका वेळी पूर्ण सरळ झाला नाही तर पुन्हा करा. लांब नळीच्या बाबतीत मात्र मी हा खटाटोप करायला सांगणार नाही. रेझिनची लांब नळी काही महिन्यांनी स्वतःच्या वजनाने पुन्हा झुकते. लेथवर कातलेली अ‍ॅल्युमिनियमची किंवा पितळेची नळी वेगळी मिळते, ती बसवा. पकडायच्या कड्या, अँटेना, दिव्यांभोवतीचे गज यांचंही तेच: रेझिनचे काढून टाकावेत आणि पितळेच्या तारेचे करावेत. बारीक तारेला जो सरळपणा आणि ताकद आहे ती रेझिनला येणार नाही.

विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांनी एक ध्यानात ठेवावं. उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवलेलं रेझिन मॉडेल मऊ पडून वाकू शकतं. प्रदर्शनाला नेताना मॉडेल डिकीत किंवा सीटवर सोडून जेवायला जाऊ नका.

बुडबुड्यांच्या छिद्रांसाठी उपाय छिद्राच्या आकारावर ठरतो. टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रात फेविक्विकचा थेंब सोडा आणि त्यावर बेबी पावडर भुरभुरा. मिश्रण घट्ट होतं आणि रेझिनइतकंच सहज घासलं जातं. खाण्याचा सोडा वापरला तर ते क्षणात दगडासारखं होतं, मग घासताना आजूबाजूचं रेझिन आधी झिजतं. काहीही वापरलंत तरी तासाभरात घासून घ्या. मोठ्या खड्ड्याला आणि शिपायाच्या खांद्याच्या फटीला दोन भागांची इपॉक्सी पुटी लागते. मिलिपुटसारखी बारीक पोताची पुटी मिळाली तर उत्तम. आपल्याकडची एम-सील भरडी आहे. वाहनाच्या पोटाखाली चालते, कपड्यांच्या चुण्यांना चालत नाही. पुटी भरल्यावर ओल्या ब्रशने कडा मिसळा, म्हणजे घासण्याचं काम उरत नाही.

चिकटवणं

प्लॅस्टिक मॉडेलचा पातळ सिमेंट रेझिनला लागत नाही. तो सिमेंट पॉलिस्टायरीन वितळवून दोन भाग एकजीव करतो. पॉलियुरेथेनवर त्याचा काही परिणाम होत नाही. रेझिनला दोनच गोष्टी चालतात: सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे फेविक्विकच्या जातीचा डिंक, आणि अ‍ॅराल्डाइटसारखी दोन भागांची इपॉक्सी. पहिला क्षणात धरतो, पण आडवा धक्का सोसत नाही. दुसरी सावकाश सुकते, जुळवायला वेळ देते आणि मजबूत असते. वजनदार सांगाडा आणि टरेट यांना इपॉक्सी, बाकी बारीक कामाला सायनोअ‍ॅक्रिलेट.

भार पेलणाऱ्या प्रत्येक सांध्यात पितळेची खुंटी घाला. हातात धरायच्या छोट्या ड्रिलने अर्धा ते एक मिलिमीटरचं भोक पाडा, तार चिकटवा, बाहेर आलेल्या टोकाला रंगाचा ठिपका लावून समोरच्या भागावर टेकवा. तिथे खूण उमटते, तिथेच दुसरं भोक. शिपायाच्या तळपायात लांब तार घातली तर रंगवताना धरायला दांडी मिळते आणि शेवटी तीच तार पायथ्याच्या लाकडात रुतवता येते. डिंक लावण्याआधी सगळे भाग कोरडे जुळवून पाहा. शिपाई टरेटच्या झाकणातून बाहेर डोकावणार असेल तर त्याची कंबर त्या भोकात मावते का, हे आत्ताच बघायचं. रंगवून झाल्यावर ते कळलं तर दोन्ही कामं खराब होतात.

डोकं आणि शस्त्र सुटं ठेवून रंगवावं, असं मी सुचवेन. हनुवटीखाली आणि रायफलीच्या पट्ट्यामागे नंतर ब्रश पोहोचत नाही.

कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यात हवेतल्या दमटपणाने सायनोअ‍ॅक्रिलेट फारच झटपट धरतं, चूक सुधारायला वेळ मिळत नाही. त्याच दमट हवेत लॅकर जातीचा स्प्रे मारला तर रंगावर पांढुरका धुरकटपणा येतो. पावसाळ्यात कापणं-घासणं उरकावं आणि प्रायमर उघडीप पाहून मारावा.

अलीकडे अनेक फिगर्स आणि सुटे भाग ओतलेले नसून थ्री-डी प्रिंटरवर छापलेले येतात. तेही रेझिनच, पण जात वेगळी: अतिनील प्रकाशाने घट्ट होणारी. त्यात बुडबुडे नसतात. त्याऐवजी आधारासाठी छापलेल्या काड्यांचं जंगल असतं. भाग कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवला तर काड्या टवके न उडवता सुटतात. हाताला चिकट लागत असेल तर रेझिन पूर्ण पिकलेलं नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून उन्हात ठेवा. स्वतः छापणाऱ्यांनी द्रव रेझिनला उघड्या हातांनी शिवू नये, नायट्राइलचे हातमोजे घालावेत, आणि उरलेलं द्रव मोरीत न ओतता उन्हात घट्ट करून मग कचऱ्यात टाकावं. त्वचेला एकदा त्याची अ‍ॅलर्जी जडली की ती सहसा जात नाही.

प्रायमर आणि चेहरा

रेझिनवर थेट रंग देऊ नका. राखाडी प्रायमरचे दोन पातळ हात द्या. मिस्टर सरफेसर असेल तर छानच, नाहीतर गाड्यांच्या रंगाच्या दुकानातला चांगला स्प्रे प्रायमरही चालतो, फक्त जाड थर देऊ नका. प्रायमरनंतर सुटलेली छिद्रं आणि सांध्यांच्या रेघा ठळक दिसतात. त्या भरा, घासा, पुन्हा प्रायमर.

फिगरच्या बाबतीत आपल्याला एक अडचण कायम येते. बाजारातले तयार त्वचेचे रंग आणि रंगकामाची पुस्तकं युरोपियन चेहरा गृहीत धरतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा शिपाई रंगवायचा तर ते सोडून द्यावं. दुसऱ्या महायुद्धात या पलटणीच्या दोन जवानांना इटलीच्या आघाडीवरच्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला: यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४च्या लढाईसाठी, मरणोत्तर, आणि नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ला सेनिओ नदीच्या काठावरच्या कामगिरीसाठी. जाधवांनी एका जखमी सोबत्याला खोल पाण्यातून, उभ्या काठावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेलं आणि दुसऱ्यासाठी ते पुन्हा परत गेले. दोन फिगर्सचं यापेक्षा मोठं दृश्य शोधून सापडायचं नाही. दोघांच्याही हातात थॉमसन बनावटीची टॉमी गन होती, म्हणून ली-एन्फिल्ड रायफल धरलेला तयार शिपाई घेतला तर हात आणि शस्त्र बदलावं लागेल. पोशाखही ऋतूप्रमाणे: इटलीच्या उन्हाळ्यात खाकी ड्रिल, हिवाळ्यात लोकरी बॅटलड्रेस, कमरेला १९३७च्या नमुन्याचे कॅनव्हासचे पट्टे.

त्वचेसाठी बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर यांच्या मिश्रणात थोडा बर्न्ट अंबर आणि अगदी चिमूटभर पांढरा. हा मूळ रंग अ‍ॅक्रिलिकमध्ये द्या. सावलीला काळा वापरू नका, चेहरा काजळी लागल्यासारखा मरतो. बर्न्ट अंबरमध्ये किंचित लाल मिसळा आणि भुवयांखाली, नाकाच्या बाजूंना, खालच्या ओठाखाली, कानामागे भरा. उजेड दाखवतानाही पांढरा थेट घालू नये. गव्हाळ-सावळ्या त्वचेवर तो राखेसारखा दिसतो. मूळ रंगात ऑकर वाढवत जा आणि शेवटचा उजळ ठिपका नाकाचा शेंडा, गालाचं हाड, कपाळाची कड एवढ्यावरच द्या. दाढीच्या जागी पातळ निळसर राखाडी झाक. १/३५ मध्ये डोळ्याची बाहुली रंगवण्याचा अट्टहास नको: भुवईखाली एक गडद रेघ आणि त्याखाली मळकट पांढऱ्याची चीर पुरे. शुभ्र पांढरा वापरला की शिपाई दचकल्यासारखा दिसतो. सावल्या-उजेड मिसळायला ऑइल कलर सगळ्यात सोयीचे. आपल्या कॅमलच्या नळ्याही चालतात. रंग तासभर पुठ्ठ्यावर पिळून ठेवा, जास्तीचं तेल शोषलं जातं आणि चेहरा चकाकत नाही.

वाहन: संदर्भ कुठे शोधावा

वाहनाच्या मॉडेलला अभ्यासाची जोड हवी, आणि या बाबतीत महाराष्ट्रातले वाचक भाग्यवान आहेत. अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलचं रणगाडा संग्रहालय १९९४ पासून आहे. पहिल्या महायुद्धाच्या पिढीची रोल्स-रॉइस चिलखती गाडी, माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, सेंच्युरियन, आवडीच्या कारखान्यात बांधलेला विजयंत, शत्रूकडून जिंकलेले पॅटन अशी वाहनं तिथे उघड्यावर, हाताच्या अंतरावर पाहता येतात. बसंतरच्या लढाईत १६ डिसेंबर १९७१ला सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या सेंच्युरियनमधून लढले, तो ‘फामागुस्टा’ नावाचा पूना हॉर्सचा रणगाडाही नगरच्या याच केंद्रात जपलेला आहे. लष्करी परिसर असल्यामुळे ओळखपत्र जवळ ठेवा आणि फोटो काढायचे नियम दारातच विचारून घ्या.

तिथे रंग पाहायला जाऊ नका, धातू पाहायला जा. संग्रहालयातली वाहनं वेळोवेळी नव्याने रंगवली जातात. त्यांची आजची छटा हा १९६५ किंवा १९७१चा पुरावा नव्हे. पण ओतीव टरेटचा खडबडीत पोत, वेल्डिंगच्या जाड रेघा, चाकांच्या रबराच्या तुटलेल्या कडा, साखळीच्या कड्यांची झीज या गोष्टी तिथे जशा दिसतात तशा कुठल्याही फोटोत दिसत नाहीत. रेझिनच्या टरेटवर ओतकामाचा पोत कमी वाटला तर प्रायमर जाडसर लावून ताठ ब्रशने टोचत जा. किती टोचायचं, हे खरा सेंच्युरियन पाहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या वाचकांना डॉर्सेटमधलं बॉव्हिंग्टनचं टँक म्युझियम आहेच. रंग आणि खुणांसाठी मात्र त्या काळातली छायाचित्रं हवीत, शक्य तर तारीख आणि ठिकाण नोंदलेली. इटलीतल्या भारतीय सैनिकांसाठी लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमचा छायाचित्रसंग्रह चांगला आहे.

धूळ आणि चिखल रंगवताना भूगोल विसरू नये. शकरगढ-सियालकोटच्या पट्ट्यात नद्यांनी आणलेली फिकट, राखाडी-बदामी गाळाची माती आहे, राजस्थानची पिवळसर, नगरच्या सराव मैदानावरची काळी किंवा मुरमाड. मॉडेलवर अंगणातली माती टाकू नका. तिचा कण १/३५ मध्ये खड्याएवढा दिसतो. पिगमेंटची पूडच वापरा. आणि नव्याने शिकलेला प्रत्येक परिणाम एकाच रणगाड्यावर करायचा मोह आवरा. गंज तर फारच जपून: चालू लढाईतल्या वाहनाला गंज चढायला वेळच मिळालेला नसतो. चढतो तो धुराड्याला आणि साखळीला.

मॉडेल पूर्ण झालं की पायथ्यावर पाटी लावा: वाहनाचं नाव, पलटण, ठिकाण, महिना आणि वर्ष. ‘सेंच्युरियन, पूना हॉर्स, बसंतर, डिसेंबर १९७१’ एवढं पुरतं. घरी आलेला पाहुणा किंवा प्रदर्शनातला शाळकरी मुलगा ती पाटी वाचूनच पुढचा प्रश्न विचारतो. रणगाड्याचा नंबर, शिपायाचं नाव किंवा तारीख यांपैकी ज्याची खात्री झालेली नाही, ते पाटीवर लिहू नका.